‘ग्रीन’पर्यंत आलं होतं
काल न्यू जर्सीत एडिसनला भाच्याबरोबर ट्रम्पचं भाषण ऐकलं. ऐकलं कसलं, एकच शब्द शोधत बसलो! कॅल्शी या अमेरिकेतल्या अंदाजांवर पैसे लावायच्या बाजारात म्हणे, पुढारी अमुक शब्द उच्चारेल का, याचा भाव चालतो. शब्द आला तर एक डॉलर, नाही तर शून्य. ‘टॅरिफ’ ९६ सेंटला. त्यात काय सुटणार? म्हणून पठ्ठ्याने ३० सेंटचा ‘ग्रीनलँड’ धरला, ६० नग. एकदा गाडी ‘ग्रीन’पर्यंत आली आणि पुढे ‘न्यू स्कॅम’ निघालं, हरित धोरणांना ट्रम्प तेच म्हणतो!

पण भाषण लिहिणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असणार ना? कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचा प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग याने २०२५ मध्ये कंपनीच्या निकालांच्या कॉलच्या शेवटी लोकांनी पैसे लावलेले शब्द स्वतःच म्हणून टाकले होते.

१८ डॉलर गेले. “मामा, आईला सांगू नकोस हं.”

ताई फेसबुकवर नाही, म्हणून लिहितोय.