तैलबैला : भिंत सोपी, खिंड सांभाळा

सोलापुरात उंचावर जायचं म्हणजे गच्ची. आमचा चौघांचा सगळा सराव तिथलाच. पाण्याच्या टाकीच्या खांबाला आठाची गाठ, प्रुसिक (वजन आलं की दोरावर आवळणारी सुरक्षेची गाठ), आणि खालून शेजारच्या काकूंचा आवाज, "पडायचं तर आमच्या पत्र्यावर पडू नको रे!" म्हणून पहिल्या मल्टिपिचसाठी, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायच्या दोराच्या चढाईसाठी, तैलबैला हा लोणावळ्याकडचा दोन उभ्या कातळभिंतींचा डोंगर निवडला आणि सोबत तिथे आधी लीड केलेला, म्हणजे पुढे चढून दोर लावलेला, पुण्याचा दोस्त घेतला. त्याच्याशिवाय गेलो नसतो.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पहाटे पुणे, मग जीपने लोणावळ्यावरून सालतर खिंड आणि तैलबैला गाव. गावातून दोन भिंतींमधल्या खिंडीत पोचायला तासभर. तिथे भैरोबा आहे, कोरीव गुहा आहे, पाण्याचं टाकं आहे. तरी पाणी माणशी तीन लिटर गावातूनच भरून न्या.

चढाई तीन टप्प्यांत केली. हाताला पकड बरी, पाय ठेवायला जागा भरपूर. कठीण म्हणाल तर मनाचंच. दुसऱ्या टप्प्यावर मी एका लेजवर (कातळातल्या अरुंद पायरीवर) उगाच दहा मिनिटं चिकटून बसलो. पण सह्याद्रीचा बेसॉल्ट गोड बोलून फसवतो. प्रत्येक पकड आधी हाताने थोपटायची, पोकळ आवाज आला की सोडून द्यायची. कातळात ठोकलेले बोल्ट गंजके असतात, त्यांना बांधलेल्या जुन्या स्लिंग (पट्ट्यांचे फास) उन्हाने पांढऱ्या पडलेल्या असतात. एकावर भरवसा नको, दोन-तीन जोडून वजन वाटून घ्या.

खरी भीती मला वर नाही, खाली वाटली. खिंड अरुंद, त्यामुळे सुटलेला दगड नेमका बसायच्या जागेवर येतो. हेल्मेट खालच्यांनीही काढायचं नाही, बिले देणाऱ्याने, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याने, चढणाऱ्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. दुसरं, आग्या मोहोळ. आधी गावात विचारा; पोळं ताजं असेल तर बेत रद्द करा. अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. खिंडीत चहासाठी चूल पेटवणारा एक ग्रुप भेटला, त्यांना हात जोडून विझवायला लावली.

उतरताना घाई होते. रॅपलिंगच्या दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारा, प्रुसिक लावा, आणि दोर ओढायच्या आधी टोकांच्या गाठी सोडल्यात का ते बघा. आम्ही एक सोडायची विसरलो होतो. दोस्ताने वेळेत पाहिली, नाहीतर दोर वरच अडकला असता. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर घरूनच सेव्ह करून निघा, आणि किती वाजता परतणार ते गावात एकाला सांगून ठेवा.

शेवटचा दोर ओढला तेव्हा त्याच्यासोबत विटेएवढा दगड आला. आम्ही कडेला होतो, डबा मात्र उघडाच ठेवलेला. शेंगाचटणीत माती, आणि आईने दिलेल्या कडक भाकरीचा भुगा. तोही खाल्ला, वरून माती झटकून.