रात्रीची लाइन

१६ जानेवारी

या आठवड्यात रात्रीची लाइन. बारा वाजता मोटर सुरू केली, गव्हात स्प्रिंकलर लावले आणि धुऱ्यावर पोतं टाकून बसलो. पाइप सरकवायला दोन तास अवकाश. तेवढ्यात पुस्तकातलं व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या लढाईचं प्रकरण काढलं. तिसऱ्यांदा.

फ्रेंच खोऱ्यात धावपट्टी करून बसले. भोवतीच्या डोंगरांवर जड तोफा चढतच नाहीत, असं धरून चालले. व्हिएतनामी सेनापती जियापच्या माणसांनी त्या दोरांनी ओढत वर नेल्या. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरोथ, एका हाताचा माणूस, शत्रूच्या तोफा आपण गप्प करू म्हणाला होता. १३ मार्च १९५४ ला मारा सुरू झाला आणि दोन दिवसांत त्यानं स्वतःचा जीव घेतला. ७ मेला तळ पडला.

पण मी अडकतो जियापच्या माणसांनी रसद नेली त्या सायकलींपाशी. हँडलला बांबू बांधायचा, दोनशे किलोच्या वर ओझं लादायचं आणि बाजूनं चालत ढकलत न्यायचं. आमचे आबाजी असंच ढेपेचं पोतं आणायचे. उतारावर सायकल कशी अंगावर येते ते मला विचारा, मागून पोतं धरायला मीच असायचो.

वाचताना मी आपसूक डोंगरावरच्यांकडून असतो. मलिक अंबर, शिवाजी महाराज ऐकत वाढलेला माणूस दुसरीकडून असणार कसा? १९८९ मध्ये सोव्हिएत फौज अफगाणिस्तानातून निघते, तेव्हाही बरंच वाटतं.

दीडच्या सुमारास शेजारच्या वावरातले काका आले. फौजेतले निवृत्त हवालदार, १९८७ ला श्रीलंकेत जाफन्यात होते. पुस्तकावर बॅटरी मारून म्हणाले, "कोनाची लढाई होय बे?" सांगितलं. "अन् तू कोनाकडून?" मी हसलो. ते हसले नाहीत.

"आमाले बी पयले हार घातले होते लोकायनं."

जुलैत भारत-श्रीलंका करार, ऑक्टोबरात तिथं गेलेल्या आपल्या शांतिसेनेची तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी लढाई, रस्त्यारस्त्यांत पुरलेले सुरुंग. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. हे सगळं मला पाठ आहे. त्यांच्यापुढे एक अक्षर तोंडातून निघेना.

पाइप सरकवायला त्यांनीच हात लावला. मग पांदणीनं निघाले. मागच्या आठवड्यात पाइपलाइनसाठी पांदण आडवी खोदून बुजवली आहे. त्या ताज्या मातीपाशी ते थांबले, बॅटरी फिरवली आणि बाजूच्या कपाशीच्या पराट्यांत शिरून, वळसा घालून पलीकडे गेले.