बाबांच्या उशाशी कोणती पेटी?

रविवार, रात्र

लाइट गेली तरी बाबांचं श्वासाचं मशीन रात्रभर चालावं म्हणून मी घरीच बॅटरीची पेटी बांधतेय. आज तिचे चार सेल टेबलावर ओळीने मांडले आणि एकेकाचा व्होल्टेज घेतला. ३.२९, ३.२९, ३.३०, ३.२९. बघूनच बरं वाटलं. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार एकापुढे एक जोडले की १२.८. त्याला १०० अ‍ॅम्पिअर-तासांनी गुणलं की १२८० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटहून थोडं जास्तच. बाबांचं झोपेतल्या श्वासाचं मशीन मी मीटर लावून मोजलंय: पाणी गरम करणारा हीटर बंद ठेवला तर ४० वॅटच्या आत. आठ तासांचे झाले ३२० वॅट-तास. म्हणजे लाइट सलग दोन-तीन रात्री गेली तरी चिंता नाही.

दादा म्हणतो, ‘तयार पॉवर स्टेशन आण आणि मोकळी हो.’ त्याचं चुकत नाही. पॉवर स्टेशन म्हणजे बाजारात मिळणारी बॅटरीची तयार पेटी. तीत सेल, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की पुरवठा तोडणारं सर्किट), चार्ज कंट्रोलर (चार्जिंग सांभाळणारा), इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीची घरच्यासारखी एसी वीज करणारा) सगळं एकमेकांशी जुळवून बसवलेलं असतं. पण त्या पेटीतला एक सेल गेला की ती उघडायची कशी, हा प्रश्न मला सोडत नाही. उघडली की वॉरंटी संपते आणि आतलं सर्किट सुटं मिळेलच असं नाही. माझ्या पेटीत सेल जोडणाऱ्या पट्टीचे बोल्ट सैल केले की बिघडलेला सेल हातात येईल.

सोमवार

कालचा आनंद जरा घाईचा होता. या रसायनाचा व्होल्टेज मधल्या पूर्ण टप्प्यात जवळजवळ सपाट असतो. ३.२९ दाखवणारे दोन सेल, एक चाळीस टक्के भरलेला आणि दुसरा साठ टक्के, असंही असू शकतं. म्हणून चारही सेल आधी समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरायला लावलेत. लहान चार्जर आहे, उद्या रात्रीपर्यंत चालेल. बॅटरी किती उरली हेही नुसत्या व्होल्टेजवरून कळणार नाही. शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) लावून गेलेला-आलेला करंट मोजावा लागेल. तयार पेटीच्या पडद्यावर तो टक्क्यांचा आकडा आयता दिसतो, त्यामागे एवढं काम असतं हे मला आज कळलं.

बुधवार

आजचा अख्खा दिवस वायरींत गेला, आणि मला वाटतं घरी बांधायच्या पेटीचं खरं काम सेलमध्ये नाही, सांध्यांत आहे. हजार वॅटचा भार १२ व्होल्टवर चालवायचा तर ८० अ‍ॅम्पिअरच्या वर करंट. त्याला बोटाएवढी जाड तांब्याची वायर लागते. एखाद्या लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणात, केवळ १ मिलिओहम रोध राहिला तरी त्या एका जागी साडेसहा वॅट उष्णता, तीही बंद डब्यात, तासन्‌तास. मी पहिले दोन लग पकडीने दाबले होते. ओढून पाहिले तर एक चक्क निघून आला. ते दोन्ही कापून टाकले आणि लग घट्ट दाबायचं लीव्हरचं क्रिम्पिंग टूल आणलं. बोल्ट ठरल्या जोराने आवळायचा टॉर्कचा पाना आणि वायर न तोडता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आधीच आणलेत. स्वतः बांधलं की स्वस्त पडतं म्हणणारे या हत्यारांचा खर्च कधी धरत नाहीत.

फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच लावला. शॉर्ट झाला तर हे सेल हजारो अ‍ॅम्पिअर सोडू शकतात, आणि डीसी करंट एसीसारखा शून्यावर येत नाही, त्यामुळे पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. या कामात मला भीती वाटते ती फक्त याची.

शुक्रवार, उशिरा

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

मी बाहेर होते. साडेनऊला लाइट गेली. आईने माझ्या पेटीचं मोठं बटण फिरवलं. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे असतात, जोडताक्षणी ते एकदम प्रचंड करंट ओढतात. बीएमएसला तो शॉर्ट वाटला आणि त्याने बॅटरीचा पुरवठा तोडला. हे टाळायला मी करंट रोखणारा रेझिस्टर घातलेलं छोटं बटण बसवलंय. ते आधी काही सेकंद दाबून धरायचं आणि मग मोठं फिरवायचं. पण हे कुणाला सांगितलंच नव्हतं. आईचा फोन: ‘अगं, बटण फिरवलं तर काहीच होत नाही. परत फिरवू का?’ बंद कर, लहान दाब, थांब, मोठं फिरव, असं मी सांगत राहिले. अंधारात तिला लहान बटण सापडेना. बाबा तासभर खुर्चीत ताठ बसून राहिले, झोपायचं धाडस होईना म्हणून.

मी आले तेव्हा म्हणाले, ‘अगं, तुझं यंत्र चांगलंय. आम्हालाच येत नाही.’ ते वाक्य मला फार लागलं.

शनिवार

तयार पेटी ठरवली. फक्त बाबांच्या खोलीसाठी. रसायन तेच, आयर्न फॉस्फेट. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहज सुटत नाही, म्हणून उशाशी ठेवायला त्यातल्या त्यात बरं. ही पेटी भिंतीच्या सॉकेटला लावूनच ठेवायची. लाइट गेली की ती काही मिलिसेकंदांत स्वतः भार घेते. आईला काहीच दाबायचं नाही.

वॅट-तासांच्या आकड्याआधी मी पाहिलं ते १२ व्होल्टचं सॉकेट. लाइट यायला उशीर झाला तर मशीनची डीसी वायर थेट त्यात लावून इन्व्हर्टर बंद ठेवता येईल. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी १०-१२ वॅट खातो. आठ तासांत शंभराच्या आसपास, म्हणजे मशीनच्या गरजेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

मंगळवार

माझी पेटी हॉलमध्ये आली. दिवे, राउटर, पंखा तिच्यावर. बीएमएस आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घालून लहान बटणाचं काम आपोआप होईल असं केलंय. तरीही आईने सगळी पद्धत दोनदा करून घेतली आणि तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहून झाकणावर चिकटवल्या. तिसरी ओळ तिची स्वतःची: ‘काही वास आला तर हात लावू नका, मला उठवा.’

उद्या माझी पेटी भरणारं सोलर पॅनेल हलवायचंय. तीननंतर टाकीची सावली एका कोपऱ्यावर येते, आणि कोपऱ्याएवढ्या सावलीने क्लॅम्प मीटरवरचा आकडा निम्म्यावर येतो.