मॅटरहॉर्न, ह्योर्न्ली धार: खरी कसोटी निम्म्याच्या खाली

गुडघे अजून ठणकतायत, म्हणून चिडूनच लिहितोय. मॅटरहॉर्न या स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या शिखराच्या ह्योर्न्ली धारेबद्दल जे ऐकलं होतं त्याचा सूर एकच होता: कातळ सोपा आहे, वर जाड दोर लावलेत, पुढच्यांच्या मागे चालत राहा. कातळ सोपा आहे, कबूल. बाकीचं ऐकू नका.

झर्मॅट या पायथ्याच्या स्विस गावाहून केबल कारने श्वार्त्झसे आणि तिथून ३,२६० मीटरवरच्या हटपर्यंतची (गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या जागेपर्यंतची) पायवाट, यात सांगण्यासारखं काही नाही. हटचं बुकिंग आधीच करा, बाहेर तंबू ठोकायला बंदी आहे.

शिखर ४,४७८ मीटर, म्हणजे हटपासून जवळपास १,२०० मीटरची चढाई. पहाटे दार उघडलं की सगळे एकदम सुटतात आणि काही मिनिटांतच पहिल्या उभ्या भिंतीच्या दोराशी रांग लागते. स्थानिक गाइड सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांच्या हेडटॉर्चमागे जायचा बेत असेल तर सोडून द्या, बघता बघता ते गायब होतात. मग उरतो अंधार आणि पूर्व भिंतीवरच्या एकसारख्या घळी. नाव धारेचं असलं तरी खालच्या टप्प्यात वाट बरीचशी धारेच्या डाव्या अंगाने जाते. हे कोणी धड सांगत नाही! आणखी डावीकडे भरकटलात की नुसता घसारा. पकडाल तो दगड हातात येतो, शिवाय वरच्यांनी पाडलेले येतात ते वेगळेच. खूण एकच: कातळ गुळगुळीत झिजलेला आणि क्रॅम्पॉन्सचे (बुटांखाली लावायच्या धातूच्या काट्यांचे) ओरखडे असलेला दिसला तर वाट बरोबर. पायाखाली माती-खडी आली तर लगेच मागे फिरा. आदल्या दुपारी पहिल्या तासाभराची वाट उजेडात चढून-उतरून पाहा, आणि प्रत्येक वळणावर मागे वळून फोटो काढा, कारण उतरताना तीच वाट अनोळखी दिसते.

४,००३ मीटरवरची सॉल्व्हे झोपडी फक्त संकटासाठी आहे, मुक्कामाचा बेत तिथे आखू नये. तिथवर पोचायला तीन तासांहून जास्त लागले तर खाली उतरा. यावर वाद नको.

त्यापुढे जाड दोरांवर दंड भरून येतात, पण वाट चुकत नाही. शेवटी बर्फाचा उतार आहे, क्रॅम्पॉन्स भर उन्हाळ्यातही लागतात. माथ्यावर वारा पडला होता, पलीकडे इटालियन टोकावरचा क्रूस दिसत होता आणि मी वेड्यासारखा हसत सुटलो. त्या दहा मिनिटांसाठी सगळं माफ. तासाभराने विचाराल तर माफ नाही.

उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपरसह सात जण पहिल्यांदा इथे माथ्यावर पोचले, त्यातले चार जण उतरतानाच गेले. ऊन चढलं की कातळ धरून ठेवणारा बर्फ सैल होतो. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात याच धारेवर दरड कोसळून अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. लांब रॅपल (दोरावरून घसरत उतरणं) टाळा, दोर अडकतो आणि दगड पाडतो. कातळाकडे तोंड करून, आखूड दोराने, भराभर उतरायचा सराव घरूनच करून या. तो नसेल तर गाइड घ्या, किंवा येऊ नका.

धारेवर पाणी नाही. आणि श्वार्त्झसेहून शेवटची केबल कार किती वाजता सुटते ते आधीच पाहून ठेवा. ती चुकली तर झर्मॅटपर्यंत आणखी सुमारे हजार मीटर पायी उतरावं लागतं.