टॉमला टेप किती लावायची?

‘टॉम फार घणघणतो, कुठलं हेड घेऊ आणि टेप किती लावू?’ नवीन ड्रमवादक भेटला की हा प्रश्न हमखास येतो. टॉम म्हणजे ड्रमसेटमधला सुरात लावायचा ढोल, हेड म्हणजे त्यावर ताणलेला प्लास्टिकचा पडदा, आणि टेप लावतात ती त्याची घणघण दाबायला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. टेप सगळ्यात शेवटी, आणि ती लावायची की नाही हे स्टुलावर बसून ठरवू नका.

हे मला एका कार्यक्रमाआधी कळलं. टॉमवर एकेक पट्टी चिकटवत गेलो आणि स्टुलावरून आवाज छान आटोपशीर वाटायला लागला. मग दुसऱ्याला वाजवायला बसवलं आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. गिटार, बेस सुरू झाले आणि टॉम गायबच. पुठ्ठ्याच्या खोक्यावर काठी आपटावी तसा नुसता ‘टप’ ऐकू यायचा. पट्ट्या एकेक करून काढायला लावल्या. शेवटची एक उरली तेव्हा कुठे टॉमचा सूर माझ्यापर्यंत पोचला. जवळून खुपणारी घणघण बाकीची वाद्यं आपोआप झाकतात. ती मारायच्या नादात मी ड्रमची आसच, म्हणजे ठोक्यामागे रेंगाळणारा नादच, मारली होती.

म्हणून आधी हेड. सिंगल-प्लाय म्हणजे साधारण १० मिलची, पाव मिलिमीटर जाडीची एकच फिल्म: रेमोचं ॲम्बॅसेडर, इव्हान्सचं जी-१. हे मोकळं वाजतं, हलक्या हातालाही लगेच उत्तर देतं. डबल-प्लायमध्ये ७ मिलचे दोन थर असतात: एम्परर, जी-२. दोन थरांमुळे ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे वरचे सूर, लवकर विरतात, आवाज भरीव लागतो आणि जोरकस हाताखाली हेड जास्त टिकतं. ज्यांना टेपची सवय लागली आहे त्यांना खरं तर टॉमवर डबल-प्लाय हवं असतं, असं माझं ठाम मत आहे. कोटेड हेड क्लिअरपेक्षा जरा उबदार लागतं, आणि ब्रशने वाजवायचं असेल तर तो खरखरीत थर हवाच.

पण हेड कितीही चांगलं असो, सूर लागला नसेल तर ते घणघणणारच. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. सगळे बोल्ट आधी बोटांनी घट्ट करा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी चावी अर्धा-अर्धा फेरा फिरवा. मधोमध बोट हलकं टेकवून प्रत्येक लगपासून (बोल्ट ज्यात बसतो तो कडेचा तुकडा) इंचभर आत काठीने टिचकी मारा. एक लग उतरलेला असला की दोन सूर एकमेकांशी भांडतात आणि आवाज ‘वॉव-वॉव’ असा हेलकावतो. तो लग जुळला की निम्मी घणघण तिथेच संपते. खालचं हेडही विसरू नका. वरचं आणि खालचं एकाच सुरात असलं की आस सर्वांत लांब चालते. खालचं थोडं चढवलं की ती आखडते, तेही टेपशिवाय.

एवढं करूनही खुपलं तर आवाज दाबायच्या मऊ, चिकट जेलचा एक तुकडा, किंवा मध्ये छोटा उंचवटा ठेवून चिकटवलेली टेपची एक पट्टी, अगदी कडेला लावा. ओव्हरटोन कडेजवळ जास्त जागे असतात. तिथे थोडं वजन पडलं की ते निवतात आणि मूळ सूर बराचसा शाबूत राहतो. हेच वजन मधल्या भागात ठेवलंत तर सूरच बसतो.

किक ड्रमचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, गणित वेगळं. तिथे कडेला आतून रिंग असलेलं हेड घ्या आणि दोन्ही हेडना जेमतेम टेकेल एवढी टॉवेलची गुंडाळी ठेवा. उशांनी पोट भरू नका.

बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार टॉमवर टी-टॉवेल टाकायचा, असं कुणीतरी नेहमी म्हणतं. खरं आहे, आणि मला तो आवाज फार आवडतो. पण तो स्टुडिओतला आवाज आहे, माइक ड्रमच्या अगदी जवळ लावलेला. रेकॉर्डिंगला जरूर करून बघा. हॉलमध्ये मात्र आधी कुणाला तरी स्टुलावर बसवा आणि मागच्या भिंतीपर्यंत चालत जा.