घर पेनसिल्व्हेनियात, दुकान डेलावेअरमध्ये, परवाना युटाचा

माझं दुकान विल्मिंग्टनच्या उत्तरेला, कॉनकॉर्ड पाइकच्या बाजूला आहे. घर पेनसिल्व्हेनियात, चेस्टर काउंटीत. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाची गिऱ्हाइकं हद्द ओलांडून खरेदीला येतात आणि आमचं निम्मं दुकान त्यांच्यावर चालतं. ही हद्द नकाशावर वाकडी दिसते. न्यू कॅसलच्या जुन्या कोर्टहाउसला मध्य धरून बारा मैलांच्या त्रिज्येनं काढलेल्या वर्तुळाचा तो तुकडा आहे. रात्री शटर ओढायचं, गल्ला मोजून रोकड पिशवीत टाकायची आणि एकटीनं गाडी चालवत घरी यायचं, हा माझा शिरस्ता. आमच्याच ओळीतल्या एका दुकानदाराला रात्री गाडीपाशी गाठून लुटलं, त्यानंतर मी पिस्तूल जवळ बाळगायचं ठरवलं.

बाळगावं की नाही याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल. माझं ठरलं होतं. ठरल्यावर सगळं कायद्यात बसवताना जे कळत गेलं ते लिहिते आहे, कारण मराठीत हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही.

आधी आपल्या मुलांसाठी एक गोष्ट. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर परवान्याचा विचार सोडा, काही ठरावीक अपवाद वगळता बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच संघीय कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. ‘सगळे जातात म्हणून’ मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड हातात आलं की ही बंदी उठते. मी नागरिकत्व घेतल्यानंतरच या वाटेला गेले.

पेनसिल्व्हेनियाचा परवाना सोपा निघाला. वेस्ट चेस्टरला शेरीफच्या कार्यालयात अर्ज, नात्यात नसलेल्या दोघांची नावं, वीस डॉलर फी. चौकशी करून ४५ दिवसांत निर्णय द्यायचं बंधन शेरीफवर असतं आणि परवाना पाच वर्षं चालतो. प्रशिक्षणाची अट नाही. ती असायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. मी रेंजवर शिकवणी लावली आणि हात बसेपर्यंत पिस्तूल घराबाहेर काढलं नाही.

पण हा परवाना माझ्या वाटेच्या निम्म्या भागापुरताच होता. डेलावेअर पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही. उघड दिसेल असं शस्त्र लावून फिरायला तिथे परवाना लागत नाही, पण तेच पिस्तूल पर्समध्ये ठेवलं की ते ‘लपवलेलं शस्त्र’ होतं आणि परवाना नसेल तर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. मग डेलावेअरचाच परवाना काढावा म्हटलं, तर तो नेहमीचा परवाना तिथल्या रहिवाशांनाच मिळतो. माझं दुकान तिथे, माझा कर तिथे, पण मी रहिवासी नाही.

सांगलीकडे अण्णांची बारा बोअरची बंदूक होती. तिच्या लायसनवर ती कुठल्या हद्दीत चालेल ते लिहिलेलं असे, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. त्यामुळे परवान्याला हद्द असते हे मला नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की इथे ती हद्द परवान्यावर लिहिलेली नसते. शेजारचं राज्य तुमचं कार्ड मानतं की नाही, हे त्या शेजारच्या राज्याच्या यादीत बघावं लागतं.

डेलावेअरच्या अ‍ॅटर्नी जनरलची, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची, यादी उघडली. पेनसिल्व्हेनिया नाही, न्यू जर्सी नाही, मेरीलँड नाही. तिन्ही शेजारी बाहेर. आणि युटा आहे! दोन हजार मैलांवरचं युटा राज्याबाहेरच्या माणसांनाही परवाना देतं, आणि त्यांच्या परवानाधारकांत बाहेरचेच जास्त आहेत. आमच्या भागात हद्दीच्या अल्याड-पल्याड कामधंदा करणारे कित्येकजण हाच मार्ग धरतात.

युटाची एक अट आहे, आणि ती मला योग्य वाटते. तुमचं राज्य युटाचा परवाना मानत असेल, तर आधी स्वतःच्या राज्याचा परवाना काढा आणि त्याची प्रत जोडा. ही अट २०११ साली आली. अशा अटीमागचं कारण आमच्याकडेच घडून गेलंय. फिलाडेल्फियात परवाना नाकारलेली माणसं फ्लॉरिडाचा परवाना मागवून तो पेनसिल्व्हेनियात वापरायची. २०१३ मध्ये तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरल कॅथलीन केन यांनी ती वाट बंद केली. घरच्यांनी नाही म्हटलं म्हणून परक्याकडून होकार मिळवायचा, हे कुठल्याच राज्याला खपणार नाही.

युटाला जावं लागत नाही. त्यांनी मान्यता दिलेले प्रशिक्षक देशभर आहेत. आमचा प्रशिक्षक निवृत्त पोलीस होता. वर्गात गोळी झाडायची नसते, सगळा भर सुरक्षित हाताळणीवर आणि कायद्यावर. जीव वाचवण्यासाठी बळ कधी वापरता येतं आणि पैशाची पिशवी वाचवण्यासाठी का वापरता येत नाही, हे त्यानं इतकं नीट समजावलं की मी त्याच आठवड्यापासून रोकड रात्री घरी आणणं बंद केलं. आता ती दिवसाउजेडी बँकेत जाते. अख्ख्या प्रकरणात माझ्या सुरक्षिततेसाठी सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट ही.

शेवटी बोटांचे ठसे. कार्डावर दहा चौकोन. अंगठा शाईवर टेकवायचा आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच लयीत फिरवायचा, दाबायचा नाही. दिवसभर खोके उघडून, भांडी घासून माझ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. उजव्या तर्जनीचा ठसा फिक्कट उठला तसं प्रशिक्षकानं मला हात धुऊन थोडं मलम चोळायला लावलं, पुसायला लावलं आणि नवं कार्ड घेतलं. ‘पुसट ठसा गेला की अर्ज परत येतो,’ म्हणाला. अर्जावर त्याची सही आणि शिक्का, सोबत फोटो, ड्रायव्हिंग लायसनची आणि पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याची प्रत. पाकीट युटाच्या ब्युरो ऑफ क्रिमिनल आयडेंटिफिकेशनकडे गेलं आणि काही आठवड्यांनी कार्ड टपालानं आलं. तेही पाच वर्षांचं.

कार्ड आलं म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. मी वकिलाकडे गेले होते म्हणून पुढचं कळलं. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर संघीय बंदी आहे. परवानाधारकाला सूट आहे, पण शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्यानं परवाना दिलेला असेल तर. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या शाळेवरून मी जाऊ शकते. डेलावेअर मात्र माझं युटाचं कार्ड मानत असलं, तरी ते डेलावेअरनं दिलेलं नाही. तिथल्या शाळेजवळून जाताना पिस्तूल रिकामं करून कुलुपात हवं. वकिलांनी कलमाचं ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

मी दुकान ते हद्द एवढ्या भागाचा नकाशा मोठा छापून घेतला. मुलीच्या कंपासपेटीतला कंपास काढला, नकाशाच्या प्रमाणात हजार फूट मोजले आणि प्रत्येक शाळेभोवती वर्तुळ काढलं. शाळेचं मैदान, पार्किंग, सगळं आवार धरून, म्हणजे मध्यबिंदू इमारतीवर न ठेवता कुंपणाच्या कोपऱ्यांवर ठेवून. माझा नेहमीचा रस्ता त्यात अडकला. उरला तो जरा लांबचा, दोन वळणं जास्तीचा. आता मी त्यानंच येते.

आणि बाकीची दिशा? न्यू जर्सीत एडिसनला आपले नातेवाईक, गणपती, मंडळाचे कार्यक्रम. तिथे जाताना पिस्तूल घरातल्या तिजोरीतच राहतं. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ मध्ये शनीन अ‍ॅलन नावाच्या फिलाडेल्फियाच्या बाईला तिथे रस्त्यात थांबवलं. तिनं आपणहून पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना असल्याचं सांगितलं, आणि तिला अटक झाली. दोन लहान मुलांची आई. तिला अनेक वर्षांची शिक्षा समोर दिसत होती. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा ते प्रकरण मिटलं. तिच्याबद्दल वाचलं की मला अजून कसंतरी होतं. ती खोटं बोलली नव्हती, लपवलं नव्हतं. न्यू जर्सीत जाणारा पूल ओलांडल्यावर तिचं कार्ड चालत नाही एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी बहीण नॉर्थ कॅरोलिनात, केरीला असते. नॉर्थ कॅरोलिना सगळ्या राज्यांचे परवाने मानतं, पण मधे मेरीलँड आहे आणि ते कुणाचाच मानत नाही. अशा वेळी १९८६ चा संघीय कायदा कामी येतो. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण, दोन्हीकडे बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून पिस्तूल रिकामं, कुलूपबंद आणि हाताला न लागेल असं नेता येतं. मी ते घरूनच रिकामं करून पेटीत घालते, पेटी डिकीत, काडतुसं वेगळी. वाटेत पार्किंगमध्ये पिस्तूल हाताळायचं नाही, हा प्रशिक्षकानं घालून दिलेला नियम. आणि मेरीलँडमध्ये मुक्काम करायचा नाही, कारण हे संरक्षण वाटसरूचं आहे. ग्रेग रेव्हेल नावाचे युटाचे गृहस्थ २००५ मध्ये विमान चुकल्यानं नेवार्कच्या हॉटेलात सामानासकट रात्रभर राहिले. दुसऱ्या दिवशी विमानतळावर अटक झाली, आणि २०१० मध्ये अपील कोर्टानंही त्यांना हे संरक्षण लागू नाही असंच ठरवलं.

सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक २०१७ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, सिनेटमध्ये अडलं. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. मला ते हवं आहे, पण किमान प्रशिक्षणाच्या अटीसकट. माझ्याच राज्यानं मला प्रशिक्षणाबद्दल एकही प्रश्न न विचारता परवाना दिला. तशा कार्डावर मेरीलँडनं डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही.

तोवर याद्या वाचायच्या, आणि त्या ज्या त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरच. फोनवरच्या नकाशांवर आणि मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. याद्या बदलतात. २०१५ च्या डिसेंबरात व्हर्जिनियानं पंचवीस राज्यांचे परवाने मानणं बंद करायचं जाहीर केलं, आणि काही महिन्यांत नवा कायदा करून निर्णय फिरवला. तुमचं मोटेल किंवा दुकान हद्दीच्या पलीकडे असेल, तर परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि त्या राज्याची यादी बघायची तारीख, दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवा.