तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शनच्या कागदातून माणसं कशी सापडतात

लग्नकार्यात हमखास कोणीतरी विचारतं, भांडुपची आत्या तुम्हाला सापडली कशी, पेन्शनच्या कागदावरून नातेवाईक मिळतात का? मिळतात. आणि मुख्य म्हणजे बायका मिळतात, ज्या आपल्या वंशावळीत कुठेच नसतात.

आमच्या वंशावळीत पणजोबांच्या थोरल्या भावापुढे फक्त 'बसऱ्यास वारले' एवढंच लिहिलंय, म्हणजे पहिल्या महायुद्धात पलटणीतून इराककडे गेले ते. बायकोचं नाव नाही, मूल होतं की नाही तेही नाही. घरात विचारलं की एकच उत्तर, ती माहेरी गेली. मग लालबागच्या खोलीत कॉटखालची ट्रंक साफ करताना त्या बायकोने नवऱ्यामागे पेन्शनसाठी केलेल्या अर्जाची नक्कल मिळाली. पैशाचा आकडा मी आधी बघितला, सगळे तेच बघतात, पण खरी गंमत खाली कोपऱ्यात होती. तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी, शेजारी ती निशाणी लिहून देणाऱ्याचा दस्तुर, म्हणजे हस्ताक्षर, आणि खाली साक्षीदार, त्याचं गाव देवगडकडचं. आमच्या गावचा नाही, आमच्या आडनावाचा पण नाही. बाईमाणसाला कचेरीत एकटी कोण पाठवणार, भाऊच गेला असणार बरोबर, हे आईने कागद बघता बघता सांगितलं आणि ती बरोबर होती.

नवरा खरंच बसऱ्याकडे गेला होता का ते ताडून बघायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, ऑनलाइन यादीत शोधलं. नाव सापडलं, पलटण 110 मराठा. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, 29 एप्रिल 1916 ला तिथलं सैन्य शरण गेलं आणि कैदेत खूप जण गेले. या यादीत पुष्कळदा बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गाव असतं, फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने केलेलं असतं, त्यामुळे गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा, डोळ्यांना कळत नाही ते कानाला कळतं. आणि देवगड-मालवणची गावं रत्नागिरी जिल्ह्यातच शोधा, सिंधुदुर्ग 1981 ला वेगळा झाला.

तरी एक अडचण राहतेच. कागदावर सासरचं नाव असतं आणि माहेरी ते नाव कोणाला माहीतच नसतं! मी साक्षीदाराच्या गावी जाऊन तिचं नाव घेऊन विचारत होतो तर सगळे मान हलवायचे, मग साक्षीदाराचं नाव घेतलं तर एक म्हातारे म्हणाले, अहो ते आमचे आजोबा, त्यांची बहीण लहान पोरीला घेऊन परत आलेली, पोरगी पुढे मुंबईला दिली. त्या पोरीची मुलगी म्हणजे आमची आत्या, ऐंशी पार, भांडुपला. आम्ही लालबागला, मध्ये किती स्टेशनं ती, इतकी वर्षं.

ज्यांच्या घरी रेल्वे आहे त्यांनी एवढं बघा, रेल्वेत पेन्शन 1957 ला आली, आजोबा त्याआधी रिटायर झाले असतील तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद (पेन्शन पेमेंट ऑर्डर), शोधत बसू नका, प्रॉव्हिडंट फंडाचा नॉमिनीचा कागद शोधा. गिरणीवाल्यांनी पण फंडाचेच कागद बघा. पीपीओ असेल तर बायकोचं नाव, जन्मतारीख, दोघांचा फोटो, ओळखखुणा, बरंच काही मिळतं. माणूस गेलं की घरातले हा कागद रद्दीत घालतात, कृपा करून घालू नका.

आत्याला कागद दाखवायला गेलो तेव्हा तिने आधी विचारलं, तुमच्याकडे तिला काय नावाने हाक मारायचे? मी सांगितलं. मग तिने माहेरचं नाव सांगितलं. अंगठ्याच्या पानाची झेरॉक्स मिळेल का म्हणाली. झेरॉक्स मी ठेवून घेतली, मूळ कागद तिच्याकडे आहे.